सत्काराचं भाषांतर

मोहिनी कुमरे संसदेत जवळपास तीस वर्षं बोलली, पण सभागृहातल्या फारच थोड्या लोकांनी तिचा चेहरा पाहिला असेल. ती दुभाषी होती. काचेच्या छोट्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायची आणि कुणी खासदार मराठीत बोलायला उठला की त्याचं बोलणं तिथल्या तिथे हिंदीत सांगायची. खासदार 'मी' म्हणाला की हिनंही 'मी'च म्हणायचं, 'ते म्हणतात' असं नाही. तो चिडला तर चीडही उतरली पाहिजे. पदरचं काही घालायचं नाही, आणि कुणाला टोचेल म्हणून गाळायचंही नाही.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या अधिवेशनात पीठासीन अध्यक्षांनी तिचं नाव घेतलं. दोन-तीन सदस्य उठून बोलले. राजस्थानकडचे एक जुने खासदार म्हणाले, "मराठी सदस्यांचं सगळं भांडण मी या बाईंच्या आवाजात ऐकलं. त्या कशा दिसतात ते आज पाहतोय." लोकांनी माना वर करून काचेकडे पाहिलं, बाकं वाजवली. शेजारच्या सहकारिणीनं तेवढ्यापुरता माइक आपल्याकडे घेतला होता, म्हणून मोहिनीला गप्प बसून ऐकता आलं.

ते टीव्हीवर आलं आणि समुद्रपूर तालुक्यातल्या तिच्या गावानं सत्कार ठरवला. जानेवारीतला दिवस होता. बाया कापूस वेचून परस्पर शाळेच्या पटांगणात आल्या. मंचावर तरुण सरपंच सुरभीताई, सदाशिवराव गुरुजी आणि मध्ये मोहिनी. गुरुजींनीच तिला पहिली-दुसरीत शिकवलं होतं. आता त्यांना काठीशिवाय उभं राहवत नव्हतं.

पहिल्या रांगेत तिची आई, रामबाई, नवं लुगडं नेसून बसली होती. शाल-श्रीफळ झालं, भाषणं सुरू झाली, तसा मोहिनीचा धाकटा भाऊ पुनाजी मंचाजवळ आला.

"बाई, मायले काही समजून नाई राह्यलं. बजारातली मराठी समजते तिले, हे भाषणाचं नाई. तू सांग ना तिले."

मोहिनी मंचावरून उतरली आणि आईशेजारच्या खुर्चीत बसली. सत्कारमूर्तीच खाली गेल्यानं सूत्रसंचालक क्षणभर गोंधळला, मग त्यानं पुढलं नाव पुकारलं. आईच्या चांगल्या कानाशी वाकून मोहिनी गोंडीत सांगू लागली. संसदेला शब्द सापडेना, तेव्हा 'कायदा करायचं मोठं घर' म्हणून तिनं वेळ मारून नेली. पण स्वतःचं कौतुक स्वतःच्याच तोंडानं सांगायचं म्हणजे जीभ अडखळे. सुरभीताई म्हणाल्या, "मोहिनीताईंसारखी हुशार बाई या तालुक्यात झाली नाही," ते तिनं खालच्या आवाजात उरकलं.

"मोठ्यानं सांग," रामबाई म्हणाली.

मग गुरुजी बोलायला लागले. "ही पोर माझ्याकडे आली तेव्हा हिला बोलताच येत नव्हतं. मी हिच्या जिभेला वळण लावलं. आज देशानं हिचा आवाज ऐकला, त्याचं मला समाधान आहे."

मोहिनीनं ते जसंच्या तसं सांगितलं.

रामबाईनं मान वळवली. "बोलता येत नव्हतं? कोणाला?"

"मला, माय."

टाळ्या थांबल्यावर रामबाईनं पुनाजीला माइक मागायला सांगितला. लोकांना गंमत वाटली, कुणीतरी शिट्टीही वाजवली. ती खुर्चीतूनच गोंडीत बोलू लागली आणि सूत्रसंचालकानं दुसरा माइक मोहिनीच्या हातात दिला.

रामबाई एक वाक्य बोलायची, थांबायची. मोहिनी ते मराठीत सांगायची.

"माझी पोरगी शाळेत जायच्या आधी खूप बोलायची. बकऱ्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची. शाळेत गेली आणि मुकी झाली. आपली भाषा बोलली की गुरुजी उन्हात उभं करायचे."

पुनाजी पुढे वाकून कुजबुजला, "तेवढं सोड ना, बाई. म्हातारे हायेत ते."

उन्हात उभं राहणं मोहिनीला आठवत होतं. पण ते असं गावासमोर निघेल असं तिच्या मनात नव्हतं. निम्म्या पटांगणाला गोंडी कळत होती आणि ते सगळे आता तिच्याकडे बघत होते. तिनं तेही वाक्य मराठीत पूर्ण सांगितलं आणि आईला खूण केली, पुढे बोल.

"घरी यायची तर माझ्याशीही बोलायची नाही. नुसती मुंडी हलवायची. मला वाटलं पोरीला काही बाहेरचं लागलं. मी तिला कडेवर घेऊन भुमकाकडे, आमच्या देवऋषीकडे गेले, अंगारा लावला. वर्ष गेलं तरी ती माझ्याशी बोलली नाही."

हे मोहिनीला ठाऊकच नव्हतं. तिनं घोटभर पाणी घेतलं आणि उरलेलं सांगितलं.

"गुरुजींनी मराठी शिकवली, ते चांगलं केलं. पण हिला बोलायला मी शिकवलं. तेही सांगत जा."

रामबाईनं माइक परत केला.

सदाशिवरावांनी काठीच्या मुठीवर हात ठेवले. मग बसूनच म्हणाले, "रामबाई म्हणतात ते खरं आहे. तेव्हा तसंच चालायचं आणि मीही तेच केलं. मला ते शिकवणंच वाटायचं. आज ऐकून वाईट वाटलं."

मोहिनीनं ते 'मी' म्हणत आईच्या कानात सांगितलं.

"माफी मागितली का त्यानं?"

मोहिनीनं आठवून पाहिलं. "नाही. वाईट वाटलं म्हणाले."

"बरं," रामबाई म्हणाली.

चहाच्या वेळी गुरुजी सुरभीताईंच्या हाताला धरून उतरले आणि रामबाईसमोर येऊन उभे राहिले. रामबाईच आपल्या बाजारातल्या मराठीत म्हणाली, "बसा गुरुजी. पाय दुखत असतीन." पुनाजीनं खुर्ची ओढून दिली. ते बसले आणि दोघांनी चहा घेतला.

घरी आल्यावर मोहिनी आईजवळ अंगणात बसली. त्या वर्षाबद्दल तिला पुष्कळ विचारायचं होतं, आणि तिनं गोंडीतच विचारायला सुरुवात केली. रामबाई दर दोन वाक्यांनी तिचे शब्द दुरुस्त करत होती आणि सांगत होती.