रिकाम्या घरांच्या गावचा मामा

चिमीच्या मामाला गावात सगळे आरामशेठ म्हणत, आणि मामाला त्याचा राग नव्हता. "शेठ तरी म्हणतात ना!" तो म्हणे. धंदा घड्याळं दुरुस्त करायचा, पण लहर आली तर. त्याच्याकडे टाकलेलं घड्याळ परत मिळेपर्यंत गिऱ्हाइकाने दुसरं विकत घेतलेलं असे. दारूचं वावडं नव्हतं, भांडणाची हौस होती, आणि त्याने संसार टाकला की संसाराने त्याला, यावर घरात दोन मतं होती. इतकं असूनही हा गृहस्थ जन्मात कधी उघड्यावर झोपला नव्हता.

त्याचं गावच तसं होतं. काचेचा कारखाना बंद पडला आणि माणसं कामामागे निघून गेली. घरांना काही पाय नव्हते, ती राहिली. जाताना मालक किल्ल्या न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी टांगून गेले. कुणीतरी खिडक्या उघडाव्यात, झाडलोट करावी, म्हणजे घर जगेल, एवढीच अपेक्षा. ज्याला घर हवं असेल त्याने आधी त्या घराची पायरी झाडायची. पायरी झाडलेली दिसली की न्हावी न विचारता किल्ली काढून द्यायचा. मामाचं एका शेजाऱ्याशी वाजलं की तो दुसऱ्या गल्लीत पायरी झाडायला हजर.

चिमी याच मामाच्या खांद्यावर वाढली आणि लग्नानंतर मोठ्या शहरात आली. नवरा बेकरीत कणीक मळायचा, ती लाँड्रीत कपडे उसवून-शिवून द्यायची, इस्त्री करायची. दोन वर्षांची लेक ठकी दुकानात धुतलेल्या चादरींच्या ढिगावर झोपून मोठी होत होती. एकच खोली, पण लख्ख. कुणाचं देणं नाही, कुणाशी भांडण नाही. घरमालकीणकाकू तर ठकीला आजीपेक्षा जास्त लाडावणाऱ्या.

त्याच काकू एके दिवशी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"कसं सांगू गं पोरी! माझ्या लेकाला तिकडे घर सोडायला सांगितलंय. दोन जुळी कडेवर घेऊन कुठे जाईल तो? महिनाअखेरीला येतोय. खोली लागेल मला."

आता यावर भांडणार तरी कुणाशी? चिमीनेच त्यांना चहा करून पाजला.

मग शोध सुरू झाला. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी वाचून जिना चढेपर्यंत वरून कुणीतरी हसत उतरत असे, म्हणजे खोली गेली. एकाला लहान मूल नको होतं, दुसऱ्याला बेकरीवाला नको होता, कारण तो पहाटे उठतो. "मग काय दुपारी पाव भाजू?" नवरा म्हणाला, आणि तीही खोली गेली. बेकरीच्या मालकाने भट्टीवरचा माळा देऊ केला, पण तिथे एकच माणूस जेमतेम आडवा होई. खोली मिळाली नाही तर नवरा त्या माळ्यावर आणि मायलेकी मामाकडे, एवढाच मार्ग उरला होता.

चिमीने मामाला फोन केला तो नुसतं रडून मोकळं व्हायला. मामा दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात.

"एवढ्यासाठी रडतेस होय, चिमणे? घर म्हणजे काय घड्याळ आहे, माझ्याच्याने होणार नाही असं? केवढं शहर हे! घरांवर घरं चढलीत. तू आपली कामाला जा."

चिमी कामाला गेली. दुपारी लाँड्रीत निरोप आला, तुमच्या मामांना आमच्या फाटकाशी बसवून ठेवलंय, घेऊन जा.

झालं होतं असं की मामा आधी न्हाव्याकडे गेला. दाढी करून घेतली आणि सहज विचारलं, "इकडच्या किल्ल्या कुठे असतात हो?" न्हाव्याच्या हातून वस्तरा निसटायचाच बाकी राहिला. मग मामा स्वतःच निघाला. खिडक्या बंद असलेलं, दारावर धूळ साचलेलं एक घर त्याने हेरलं, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि पायरी झाडायला घेतली. अगदी मन लावून. पाणीसुद्धा मारलं. आणि कुणी येऊन किल्ली देईल म्हणून पायरीवर बसून राहिला. आला तो रखवालदार.

"मी काय चोर आहे?" मामा चिमीला बघताच उसळला. "चोर कधी झाडून जातो का?"

"मामा, त्या घराला मालक आहे."

"असणारच! मी कुठे म्हणतो नाही? पण राहत नाही ना तो! हा रखवालदारच म्हणाला, किंमत वाढायची वाट बघतोय. घर काय लोणचं आहे, मुरायला ठेवायला?"

रखवालदारालाही हसू फुटलं. "आजोबा, पायरी मात्र झकास झालीय," म्हणत त्याने फाटक उघडलं.

परतीच्या वाटेवर मोठा पूल होता. त्याच्याखाली माणसं राहत. चिमी एरवी तिथून जाताना ठकीला दुसऱ्या बाजूला घ्यायची आणि भराभर पाय उचलायची. काहीतरी केलं असेल यांनी, उगाच का कुणी रस्त्यावर येतं, असं तिला वाटे. आज मामाचे पाय दुखले आणि तो सरळ तिथल्या कठड्यावर बसला. अनोळखी माणसाशी बोलायला मामाला निमित्त लागत नसे. चिमी नाइलाजाने उभी राहिली आणि तिला खांबाच्या खिळ्याला अडकवलेला पांढरा कोट दिसला. इस्त्रीचा. कॉलरीवरचा टाका तिचा स्वतःचा होता.

कोटवालीही तिला बघून चपापली. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करणारी ही बाई दर आठवड्याला लाँड्रीत यायची. इतकी टापटीप, की हिच्या घरी फुलदाणी असणार, असं चिमीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही इथे?"

"वर्ष होत आलं," बाई म्हणाली. मग ठकीकडे बघून हसली. "दुकानात सांगू नका हं. कोट आहे तोवर नोकरी आहे."

"नवरा पितो का?" मामाने विचारलं. त्याला हाच एक रोग ठाऊक होता.

"नवरा कुठला? मी आणि आई. इमारत पाडली, नवी बांधली. नवीत आम्ही मावलो नाही."

"तुम्ही तरी घेता का थोडी?"

"मामा!" चिमी ओरडली.

"चहा घेते," बाई म्हणाली. "त्याला साखरसुद्धा नाही."

मामा हसला नाही. घरापर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि हे इतकं अघटित होतं की ठकीने त्याची मिशी ओढून बघितली.

दारात आल्यावर तो म्हणाला, "चिमणे, ती बाई रोज कामाला जाते. मी जन्मात गेलो नाही. मला वाटायचं, माझं कसं छान भागतं, म्हणजे माझ्यातच काहीतरी असणार. कसलं काय! गावात घरं पडून आहेत म्हणून मी शेठ. इथे जन्मलो असतो तर त्या बाईच्या आधी पुलाखाली माझं अंथरूण असतं."

संध्याकाळी नवरा आला, केसांत पीठ घेऊन. चिमीने त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "रोज सकाळी मी तुलाच बोलते, तू लोळतोस म्हणून तुझे पाय उघडे पडतात. पांघरूणच तोकडं आहे रे आपलं. कडेला जो असेल तो उघडा पडणारच."

"लग्न झाल्यापासून हेच सांगतोय," नवरा म्हणाला. "कडेला झोपून."

महिना संपला. खोली मिळाली नाही. काकूंचा लेक आला, खरोखरच दोन जुळी कडेवर घेऊन, आणि चिमीशी बोलताना त्याला मान वर करवेना. ठकीने त्या बाळांना आपला चमचा दिला. नवऱ्याने आपलं अंथरूण माळ्यावर नेलं आणि बसपर्यंत ठकीला खांद्यावरून उतरवलंच नाही. "दर सुट्टीला येतो," तो म्हणाला. "सुट्टीला तू झोपतोस," चिमी म्हणाली. "तिथे येऊन झोपतो," तो म्हणाला, आणि दोघं हसली, कारण बस सुटत होती.

गावात मामाने आधीच पायरी झाडून ठेवली होती. चार खोल्यांचं घर, पुढे ओटा, मागे विहीर. शहरात अशा घरासाठी माणसांनी एकमेकांचे गळे धरले असते. इथे शिवणाचं काम मिळेल का, असं विचारल्यावर न्हावी म्हणाला होता, "मिळेल की. माणसं आली की."

ठकी दारातच थबकली. तिने एवढं घर कधी पाहिलं नव्हतं. मग धावत पहिल्या खोलीत गेली आणि ओरडली, "बाबा!" आवाज भिंतींवर आपटून परत आला. ती दुसऱ्या खोलीत गेली. "बाबा!" मग तिसऱ्या. आजवर बाबा म्हटलं की हाताच्या अंतरावर कुणीतरी "ओ" द्यायचं. चौथ्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा तिचा खालचा ओठ पुढे आला होता.

मामा ओट्यावर पाठ करून बसला, नाक शिंकरत. मग म्हणाला, "चांगलं घर आहे गं, चिमणे. चारही खोल्यांना वारा आहे."

"आहे ना, मामा. यातली एक उचलून तिकडे पाठवता येत नाही, एवढंच."

तिने तीन खोल्यांची दारं ओढून घेतली. पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूला, एकच अंथरूण घातलं. ठकीला भिंतीकडे झोपवलं, स्वतः मध्ये आडवी झाली आणि कडेची जागा रिकामी ठेवली.