सुमंगलाबाईंची बैठक

"आमच्या घरांतलें चेडूं अशें बसपाचें ना," भागीआते दारातूनच पोरीकडे बोट दाखवत म्हणाली.

देवकी चेलो, म्हणजे व्हायोलिनचा तो थोरला भाऊ, दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने घाबरून दोन्ही पाय एका बाजूला घेतले आणि तसाच गज ओढला. आवाज अगदी मरतुकडा आला. भागीआते म्हणजे देवकीची विधवा आत्या भाग्यलक्ष्मी. देवकीच्या घरात तिच्या शब्दाबाहेर मांजरही जात नसे. पाय एका कुशीला घेऊन शिकवणार असाल तरच उद्यापासून पोरगी येईल, असं सुमंगलाबाईंना बजावून ती देवकीला घेऊन गेली.

सुमंगलाबाई शिकवणीच्या खोलीत एकट्या उरल्या. डिचोलीत चेलो शिकवणाऱ्या त्या एकट्याच, आणि शिकायला येणाऱ्यांत हाडाची वाजवणारी देवकी एकटीच. बाईंची शिकवण्याची तऱ्हा उफराटी. सुरुवातीला गज हातातच द्यायचा नाही. नुसतं बसायचं, वाद्य छातीशी घ्यायचं, बोटाने तार छेडायची आणि तिची थरथर अंगात उतरेपर्यंत गप्प राहायचं. गाणं कधी शिकवणार, म्हणून आईबाप कुरकुरत. बाई म्हणायच्या, आधी बसायला येऊ दे. अंग चोरून बसलेल्याचा सूरही अंग चोरतो.

हे त्या स्वतः भोगून शिकल्या होत्या. वास्कोला रेल्वेच्या चाळीत शेजारच्या म्हाताऱ्या मिंगेलने त्यांना चेलो शिकवला. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा सासूबाईंनी वाद्याला घरात जागा दिली, पण आतल्या खोलीत. कुणी आलं की सुमंगलाबाई मुकाट्याने पाय एका बाजूला घेत. वीस वर्षं त्यांनी आपलाच तो मरतुकडा आवाज ऐकला होता. तो देवकीच्या गळ्यात बांधायचा नाही, मग पोरगी हातची गेली तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं. आणि ठरवल्यावर त्यांना रडू कोसळलं.

सकाळी त्या देवकीच्या घरी गेल्या. मागच्या पडवीत भागीआते पदर खोचून, रगडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन हुमणाचं, म्हणजे माशांच्या आमटीचं, वाटण वाटत होती. बाई शेजारी टेकल्या. बाजारात बांगडे आले का, वगैरे इकडचं तिकडचं झालं. मग हळूच म्हणाल्या, "आते, एक पावट पांय कुशीक घेवन वाटून दाखयात पळोवंया."

"तशें वाटप कशें जातलें? आंगाचें बळ खंय सावन येतलें?" भागीआते बोलून गेली, आणि तिचा हात थांबला. तिने आपल्या पायांकडे पाहिलं. मग खो खो हसत सुटली. पोरीला संध्याकाळी धाडते म्हणाली, आणि हुमण जेवल्याशिवाय बाईंना उठू दिलं नाही.

पुढे गोवा राज्य झालं, त्या आनंदात गावाने सोहळा ठेवला. सुरुवात कोकणीत करायची की मराठीत, यावरून समितीत हमरीतुमरी झाली. शेवटी कुणालाच बोलू न देता देवकीचा चेलो पहिला लावला. तारांना भाषा कोण विचारणार?

देवकी ऐसपैस बसली आणि तिने सुराने मांडव भरून टाकला. शेजारच्या एका बाईने भागीआतेला कोपराने ढोसलं, पोर बसलीय कशी बघा म्हणाली. भागीआतेने मान वळवली नाही. "वाजोवपाक बसूंक जाय तशें बसलां तें. आयक तूं."

टाळ्या थांबेनात. आणखी एक, आणखी एक, असा गलका झाला. तेव्हा देवकी उठली आणि तिने खुर्ची बाईंपुढे केली. सुमंगलाबाई पुढे आल्या खऱ्या, पण दुसऱ्या रांगेत सासूबाई, दीर, जावा, सगळं सासर बसलेलं दिसलं आणि त्या खुर्चीशीच थांबल्या. इतक्या वर्षांची सवय. गुडघे आपोआप जवळ आले.

"बस गो बाय," पुढच्या रांगेतून भागीआते म्हणाली. "सारकें बस."

सुमंगलाबाई बसल्या. निऱ्या सावरून त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर रोवले, चेलो छातीशी घेतला आणि गज ओढला. पहिलाच सूर शेवटच्या रांगेपलीकडे रस्त्यावर गेला, तिथे चालणारी माणसं थबकली. वाजवताना बाई नेहमी डोळे मिटत. आज त्यांनी मिटले नाहीत. सासूबाईंकडे बघत त्या वाजवत राहिल्या.