सगळ्यांचं उत्तर अठ्ठ्याण्णव

जर्नलांचा गठ्ठा बाईंच्या हनुवटीपर्यंत आला होता. सोमवारी तपासणी समिती यायची होती, प्राचार्यांचे दोन निरोप येऊन गेले होते, आणि बाई सकाळपासून नुसत्या सह्या ठोकत होत्या. दवाखान्यांच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी माणसं घडवणारं ते छोटंसं कॉलेज. बाई तिथे सोळा वर्षं शिकवत होत्या, आणि रक्तातली साखर मोजण्याच्या प्रयोगाचं उत्तर सोळाही वर्षं एकच होतं: अठ्ठ्याण्णव. रक्ताऐवजी साखरेचं द्रावण वापरायचं. लॅबमधले मामा ठरलेल्या मापाने त्याची बाटली भरून ठेवत, वरच्या वर्गाची जर्नलं खालच्या वर्गाकडे येत, आणि मुलं ती इमानेइतबारे उतरवून काढत. कुणाचं काय बिघडतं हो त्यात? बाईही असंच म्हणायच्या.

लाल पेन एका पानावर थबकलं. तिथे एकशे एकाहत्तर लिहिलं होतं.

जर्नल शंकाताईचं होतं. हे नाव वर्गाने ठेवलेलं, कारण या मुलीच्या शंका कधी संपायच्याच नाहीत. बाईंनी तिला बोलावून घेतलं.

“अगं, हे काय लिहून ठेवलंयस?”

“मला एवढंच आलं मॅडम. तीनदा केला प्रयोग.”

“सगळ्यांना अठ्ठ्याण्णव आलं आणि तू काय जगावेगळी?”

“सगळ्यांनी केलाच नाही ना, मॅडम.”

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. खरं बोलणाऱ्याचा राग जरा लवकरच येतो. त्यांनी आकड्यावर लाल काट मारली आणि म्हणाल्या, “नीट कर, नाहीतर पाच गुण गेले म्हणून समज.” मुलीने तिथेच उभ्या उभ्या अठ्ठ्याण्णव लिहिलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं, म्हणून बाईंनी पाहिलंच नाही.

संध्याकाळी घरी आल्या, तर सासूबाई पाण्याचा जग घेऊन बसलेल्या.

“आई, किती पाणी पिताय?”

“घशाला सारखी कोरड पडते गं. आणि हा अंगठा बघ ना, अजून भरत नाही.”

दोन महिन्यांपूर्वी उंबऱ्याला ठेच लागलेला पायाचा अंगठा आता काळा पडत चालला होता. तेव्हा रक्त तपासून आणलं होतं, सगळं ठीक निघालं म्हणून घरातले निर्धास्त होते. बाईंनी कपाटातून रिपोर्ट काढला. साखर: अठ्ठ्याण्णव. खालची सही त्यांच्या चांगलीच ओळखीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या सासूबाईंना घेऊन दवाखान्याच्या लॅबमध्ये गेल्या. लॅबवाला त्यांना पाहून खुर्चीतून उठलाच. पाच वर्षांपूर्वीचा त्यांचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी!

“हे तू मोजलं होतंस?” बाईंनी रिपोर्ट पुढे धरला.

त्याची मान खाली गेली. “त्या दिवशी मशीन बंद होतं, मॅडम. हाताने करायचं तर रांग दारापर्यंत लागलेली. आजी ठणठणीत दिसत होत्या.”

“म्हणून अठ्ठ्याण्णव?”

“हात आपसूक तेच लिहितो, मॅडम. कॉलेजात त्याच आकड्याला वीसपैकी वीस मिळायचे.”

बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याने पुन्हा रक्त घेतलं, यावेळी खरोखर मोजलं. साखर चारशे बारा निघाली. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि अंगठा काढावाच लागेल म्हणाले. दोन महिने आधी आला असतात तर वाचला असता, हेही म्हणाले.

सासूबाई खाटेवर पडल्या पडल्या विचारत होत्या, “तुझाच विद्यार्थी ना गं तो? फार हुशार म्हणायचीस.”

दुपारी बाई तडक कॉलेजात गेल्या, मामांची बाटली घेतली, आणि कित्येक वर्षांनी तो प्रयोग स्वतःच्या हाताने केला. उत्तर आलं एकशे एकाहत्तर.

“मामा, ही बाटली कशी भरलीत?”

“मापाचं भांडं फुटलं ना, मॅडम. यंदा अंदाजानेच टाकली साखर. म्हटलं, मोजतंय कोण!”

याच प्रयोगाची परीक्षा शनिवारी होती. बाईंनी मामांना नवं भांडं दिलं आणि बजावलं, “चाळीस मुलांना चाळीस वेगळ्या बाटल्या. मापं कागदावर लिहा, पाकीट बंद करा, मलाही सांगू नका. आणि आता अंदाज नाही हं!” निम्मे गुण आकड्याला, निम्मे आपला हात कुठे चुकला हे ओळखून सांगणाऱ्याला, आणि चुकलं तर पुन्हा करायची मुभा.

प्राचार्य धावत आले. “अहो, निम्मी मुलं नापास होतील! समितीपुढे माझी लाज काढणार का तुम्ही? सह्या करा आणि मोकळ्या व्हा.”

“सोळा वर्षं तेच केलं, सर. सासूबाईंचा अंगठा गेला. पुढे कुणाकुणाच्या घरचं काय जाईल? नापास होतील त्यांना पुन्हा शिकवीन.”

“तुमची नोकरी जाईल, एवढं लक्षात ठेवा.”

“ठेवते,” बाई म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी आधी शंकाताईचं जर्नल सगळ्यांसमोर उघडलं. अठ्ठ्याण्णववर काट मारून एकशे एकाहत्तर लिहिलं आणि म्हणाल्या, “चूक माझी होती.” शंकाताई बघतच राहिली.

बाटल्या वाटल्या तशी चुळबुळ सुरू झाली. मुलं एकमेकांच्या बाकांकडे बघू लागली, पण उतरवणार काय?

“मॅडम, उत्तर किती यायला हवं?” एकाने शेवटी विचारलंच.

“मला माहीत नाही. तू मोजून मला सांगायचंस.”

मग एकेक मान खाली गेली, काचेच्या नळ्या किणकिणायला लागल्या. प्राचार्य दारात हाताची घडी घालून उभे होते. अर्ध्या तासाने पहिला हात वर झाला, तो नेमका शंकाताईचा.

“मॅडम, माझं कुठेतरी चुकलंय. पुन्हा करू?”

बाईंनी दाराकडे पाहिलंही नाही.

“कर, बाळ,” त्या म्हणाल्या. “तीनदा कर.”