बीकरवरचे पिवळे डाग

अकरा वाजले का सुभद्रा चप्पल काढून प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जाये. तिथं तिच्या बीकरमंधी, धाग्याले लटकून, युरियाचा स्फटिक वाढून राहिला होता. बोटाच्या पेराएवढा. साफ निघाला तर बंगलोरले लेझरखाली तपासाले जाणार होता. न दिसणारा उजेड आत जाईन अन् हिरवा होऊन बाहेर निघीन, मंग तिचं संशोधन खरं. गढूळ निघाला तर शनिवारी सासरे चंपतराव येऊन तिले सावनेरले नेणार होते. विधवा सुनेले दोन वर्षं शिकू दिलं, तेवढंच लय झालं म्हणे.

आधीचे तीन गढूळच झाले. त्याच खोलीतले, संग शिकणाऱ्या पोट्ट्यायचे मात्र आरशावानी. विभागप्रमुख वामनराव सर तिले सारखे विचारत, हात धुतले का, मन थाऱ्यावर होतं का. तिच्या वहीत लिहीत, कारण कळले नाही.

बुधवारी हा चौथाबी गढूळ झाला. सुभद्रा रडली नाही. बीकरवर झाकलेला, टाचणीनं भोकं पाडलेला कागद तिनं खिडकीशी धरला. भोकायभोवती पिवळे डाग होते. तिनं वास घेतला.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत गेली, निघाली अन् दाराआड थांबली. शिपाई रुपराव तांब्यावानी गडवा घेऊन आला, अन् आंब्याच्या पानानं तिच्याच टेबलावर शिंपडाले लागला.

"काय करून राहिले जी, रुपरावजी?"

तो दचकला. "गोमूत्र हाये, बाई. विधवेच्या पायानं खोली बाटते. मी शिंपडतो म्हणून तं बाकीच्यायचे चांगले येतात."

"कोणं सांगतलं?"

"सरायनंच."

सुभद्रा कागद अन् वही घेऊन सरायकडे गेली. सर खिडकीकडे पाहत बोलले का लोकायची भावना सांभाळा लागते. तिनं दारातून सांगावं, हात पोट्टे लावतील, नाव तिचंच राहीन.

तिनं वही उघडली. चारही तारखांपुढं लिहिलं, 'गोमूत्र. सरांच्या सांगण्यावरून.' अन् वही पुढं सरकवली.

"सही करा, सर. सासऱ्यायले मीच सांगीन, येत नाही म्हणून. शिंपडाचं असंन तं उद्यापासून माझ्या अंगावर शिंपडा. बीकरजवळून मी हलत नाही."

सरायनं पेन हाती घेतला, टोपण काढलं नाही. वही तशीच उघडी ठेवून ती मागच्या खोलीत गेली अन् युरियाचा नवा दाणा धाग्याले बांधाले बसली.

सही अजून व्हाचीच हाये. तुमच्या घरात तो गडवा कुठं ठेवता, तेवढं पाहून घ्या.