ग्यानोबाची रंधा मशीन

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा अहमदपूरच्या स्टँडावर पेढे वाटले होते. पेढे पचले, जिल्हा राहिला, आणि पाठोपाठ पाऊस जो रुसला तो परत फिरकलाच नाही. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांना टेबलं लागली, शाळांना बाकडी लागली. गावांना नुसतं पाणी लागत होतं, तर तेवढं कुठल्याच कचेरीत मिळत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून लोक आड खोल करायला लागले.

बौद्धवस्तीतली विहीर खोल करायला जे चौघं उतरले त्यांत लिंबाजीचा ग्यानोबा होता. खरं तर तो सुतारकाम करणारा माणूस; लातूरला शिकून आलेला. फावड्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. पण वस्तीची विहीर म्हटल्यावर घरात बसायचं कसं, म्हणून तो उतरला, आणि त्याच दिवशी दरड कोसळली. तिघं वर आले.

तेव्हापासून लिंबाजीला काही वाटायचंच बंद झालं. लोकांना वाटलं, म्हातारा खमका आहे, धीराचा आहे. धीर कसला घेऊन बसलात! त्याची बायको भामाबाई छाती पिटून रडली, तेव्हा हा दारात बसून तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसा पाहत होता. चहात साखर आहे की नाही तेही त्याला कळेना. उन्हात बसला तर उन्हातच बसून राही. कुणी उठवलं की उठे. घर तिघांचं होतं: लिंबाजी, भामाबाई आणि ग्यानोबाची बायको पंचशीला. तिघंही एकमेकांशी भाकरी आणि पाण्यापुरतं बोलत. पाणी कमी होतं, बोलणं त्याहून कमी.

घराला लागूनच फाट्यावर पत्र्याचं शेड होतं आणि शेडात ग्यानोबाची रंधा मशीन. बिडाची, जुनाट, एका मोडीत निघालेल्या कारखान्यातून आणलेली. मधोमध पात्यांचा रूळ, त्याच्या मागंपुढं दोन लोखंडी मेजं, खाली मोटार. फळी वरून सरकवली की सरसर तासून निघायची. पुढच्या मेजाला एक चाक होतं. ते फिरवून मेज खाली केलं की पाती जास्त लाकूड खायची. ग्यानोबा होता तोवर ती दिवसभर ओरडायची. तो गेला आणि तीही गप्प झाली. मेजांवर गंज चढला, उंदरांनी पट्टा कुरतडला आणि रूळ तर हातानं ढकलला तरी हलेना.

अशात पंचशीलाचा भाऊ व्यंकटी लातूरहून आला. जिल्हा झाला म्हणून ज्या थोड्या लोकांचं खरोखर भलं झालं, त्यांतला हा एक. कचेरीत शिपाई म्हणून लागला होता. माणूस सरळ. जयभीम घातला, पाणी नको म्हणाला, कारण दुष्काळात पाव्हण्यानं पाणी मागू नये एवढी समज त्याला होती. मग म्हणाला, "मामा, राग नका धरू. ताईला घेऊन जावं म्हणून राहिलो. तिकडं गुरुपादप्पा म्हणून एक सुतार हाय, त्याच्याकडं बाकड्यांचं लई काम आलंय आन् मशीन न्हाई. मशीन तिथं लावू. ताई मशीनवर बसंल, आमच्यातच ऱ्हाईल. हितं काय हाय आता तिचं?"

हितं काय हाय. लिंबाजीनं यावर विचार केला. लेकरू नाही, बाळ नाही, नवरा नाही. विधवा सुनेला ठेवून घ्यायचं ते कशाच्या जोरावर? दोन म्हाताऱ्यांच्या भाकरी थापायला? तिनं राहावं असं त्याला वाटत होतं. एवढी एकच गोष्ट त्याला आतून वाटत होती, आणि ती बोलायची सोय नव्हती. ही पोर गेली की या घरात ग्यानोबाचं नाव घेणारं कोण राहणार? पण स्वार्थ तो स्वार्थच. तिची उमर काय, आपली काय.

"तिला इचार," तो म्हणाला.

व्यंकटीनं विचारलं. पंचशीला चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही. "तुमी समदे म्हणताव तसं," म्हणाली. झालं, ठरलं. आपल्याकडं बाईचा होकार असाच मोजतात.

मशीन दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न नव्हता. लिंबाजीनं उभी हयात तेलाच्या मिलमध्ये यंत्रांना तेलपाणी करणारा ऑइलमन म्हणून काढली होती. शेंगा यायच्या बंद झाल्या तशी मिल बंद पडली. नाहीतर तो अजून तिथंच असता. बेअरिंग कुठलं रडतंय ते त्याला झोपेत कळायचं. तर ज्या मशीनवर बसून सून घराबाहेर जाणार, ती मशीन सासऱ्यानंच चालू करून द्यायची, असा हा मामला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

त्यानं मशीन उघडली. गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल सोडलं आणि मुरायला ठेवलं. आधी पाती काढली, मग रूळ. बेअरिंगं दोन्ही जाम झाली होती. लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकत त्यानं ती उतरवली. लोखंडावर थेट हातोडा मारतो तो गाढव, असं तो मिलमधल्या पोरांना सांगायचा. आता सांगायला कोणी नव्हतं, म्हणून नुसताच ठोकत होता. नवी बेअरिंगं व्यंकटीनं लातूरहून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. भामाबाईच्या कढईत तेल तापवून लिंबाजीनं ती त्यात सोडली.

"भज्याची कढई हाय ती," भामाबाई म्हणाली.

"भजी कोण करून राहिलंय?" लिंबाजी म्हणाला. बेअरिंगं तापून फुगली, तशी चिमट्यानं धरून त्यानं ती रुळावर चढवली आणि ती गपकन बसली. एरवी असं काम जमलं की माणूस मिशीत हसतो. लिंबाजीला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. हात आपले काम करत होते, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे होते.

पंचशीला मदतीला असायची. पाना दे म्हटलं की पाना द्यायची, धर म्हटलं की धरायची. पात्यांना धार लावली तेव्हा दगडावर पाणी सोडायला तिनं आपल्या वाट्याच्या पाण्यातलं फुलपात्रभर आणलं. पट्ट्याच्या दोन्ही चाकांना सुतळी लावून ती एका रेषेत आहेत का ते पाहताना सुतळीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं. लिंबाजीला पुष्कळदा वाटलं, आता इचारावं. पण बाईमाणसाला सासऱ्यानं काय विचारायचं? जातीस का? ती जातेच आहे. ऱ्हातीस का? म्हणजे तिला पेचात धरणं. तो म्हणे, "जरा ताण," आणि ती सुतळी ताणायची.

मशीन तयार झाली. मोटारीला लाईन शेजारच्या पिठाच्या गिरणीतून होती. गिरणीवाला किशनराव येऊन बघून गेला. "लिंबाजी, नारळ तरी फोडा, मुहूर्ताची गोष्ट हाय," म्हणाला. लिंबाजी म्हणाला, "आमच्यात नसतं आता ते. आन् नारळाच्या पाण्यावर हितं झुंबड उडंल." किशनराव हसत गेला.

बाजाराच्या दिवशी व्यंकटी टेम्पो घेऊन आला. आधी चालवून दाखवायची, मग चढवायची, असं ठरलं. व्यंकटी उलट्या डब्यावर बसला. पंचशीलानं पदर खोचला आणि मशीनसमोर उभी राहिली. ग्यानोबाच्या वेळीही फळी सरकवायला तीच असायची. स्विचचा खटका तिच्या उजव्या हाताला, मेजाचं चाक डाव्या हाताला. लिंबाजी पलीकडं वाकला. पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घराला लावून मूठ कानाला लावली, म्हणजे आतली कुरकुर ऐकू येते.

तिनं खटका वर ओढला. मशीन गुरगुरली, मग सूर धरला. पंचशीलानं फळी सरकवली आणि पांढरा भुसा उडाला. लिंबाजीच्या कानात बेअरिंगं गोड वाजत होती. झालं बरं का, त्याच्या मनात आलं, आता ही जाते.

तेवढ्यात सूर बदलला. मोटार कण्हल्यागत आवाज करायला लागली. दुष्काळात विजेचंही पाण्यासारखंच, तीन फेजांतला एक केव्हा पळेल त्याचा नेम नाही. आणि दोन फेजांवर मोटार चालवणं म्हणजे ती चुलीत घालणं. ग्यानोबानं फ्यूजला तारही जाडजूड लावून ठेवलेली, ती काही वितळणार नव्हती. लिंबाजी न वळताच ओरडला, "फेज गेला. वाढव. वाढव, पंचशीला!"

पंचशीलानं चाक फिरवलं. मेज खाली गेलं, पाती फळीत खोल घुसली, आणि तिनं वरून फळीवर भार दिला. मोटार घुमली, अडली, आणि थांबून नुसतीच हुं हुं करत राहिली. मोटारीतलं वार्निश जळाल्याचा वास आला. मग धूर. लिंबाजी मशीनला वळसा घालून धावला आणि त्यानं स्वतः खटका खाली ओढला.

आणि मग तो संतापला. महिनोन्महिने ज्याचा आवाज एकदाही चढला नव्हता तो माणूस ओरडत होता. "वाढव म्हणलो ना! वाढव म्हंजे बंद कर! एवढं कळत न्हाई? जाळलीस समदी मोटार!" भामाबाई बाहेर धावत आली. पंचशीला फळीवर हात ठेवून तशीच उभी होती.

"मामा, तिची काय चूक," व्यंकटी मध्ये पडला. "तिचा हात चाकावर. वाढव म्हणलं तर कुणीबी चाकच फिरवंल."

लिंबाजी थबकला. खरंच होतं की. आपला मुलूखच असा. बंद म्हणायला जीभ रेटत नाही. तोंडून अशुभ निघू नये म्हणून दुकान बंद करायचं तर दुकान वाढवा म्हणायचं, दिवा विझवायचा तर दिवा वाढवा. हौसेनं उलटं बोलायचं आणि सुलटं समजलं की माणसावर डाफरायचं. तो खाली बसला.

जळकी मोटार घेऊन गुरुपादप्पाकडं काय तोंड दाखवणार? व्यंकटी टेम्पो रिकामाच घेऊन निघाला. "वाइंडिंग करून घ्या मामा, मग येतो," म्हणाला. "ताईलाबी तवाच नेतो."

ऊन कललं तेव्हा लिंबाजी मोटार सोडवायला बसला. पंचशीला पाना घेऊन समोर बसली. पहिला बोल्ट सुटल्यावर तो म्हणाला, "माझंच चुकलं. नीट बंद कर म्हणायला पायजे हुतं. उगं बोललो तुला."

"तुमचं न्हाई चुकलं, मामा."

"मग?"

"मला कळलं हुतं." तिनं पाना खाली ठेवला. "वाढवणं म्हंजे काय ते मला कळत न्हाई व्हय? बायकांनी माझ्या बांगड्या वाढवल्या, तवा त्या काय मोठ्या झाल्या?"

लिंबाजीनं वर पाहिलं. तिचे हात भुंडे होते. इतके दिवस सुतळीच्या दुसऱ्या टोकाला हेच हात होते आणि त्यानं ते पाहिले नव्हते. त्याच्या छातीत काहीतरी उलटंपालटं झालं, आणि दुखलं. चांगलंच दुखलं.

"म्हंजे तू समजून उमजून जाळलीस?"

"हाव."

"आगं, एवढी मेहनतीची मोटार. न्हाई जायचं तर न्हाई म्हणायचं. तोंडानं सांगायचं."

"तुमी इचारलं कवा?" ती म्हणाली. "माझा भाव आला, तर तुमी त्यालाच म्हणलाव, तिला इचार. त्यानं इचारलं, तर मी काय सांगू? ज्यांच्या घरी ऱ्हायचं त्यांनीच न्हाई इचारलं. मला वाटलं, तुमाला मी नको. लेकरू न्हाई, काई न्हाई. म्हणून तर रोज उठून मशीन दुरुस्त करून राहिलाव."

दरड कोसळली त्या दिवसापासून लिंबाजीला जे रडू यायचं होतं ते आत्ता, या जळक्या मोटारीपुढं, ग्रीस लागलेल्या हातांनी तोंड झाकायलाही न देता आलं. तो मोठ्यानं रडला. ग्यानोबाचं नाव घेऊन रडला. घरात भामाबाईला ऐकू गेलं. ती दारापर्यंत आली आणि तिथंच उंबऱ्यावर टेकली. तिनं त्याला थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं, त्याबरोबर गालाला काळं लागलं. तो सुनेकडं वळून नीट बसला, जसं सोयरिकीच्या बैठकीत बसतात तसं.

"पंचशीला, ऱ्हातीस का गं हितं?"

या खेपेला तिनं मान वर केली. उत्तर विचार करून दिलं.

"ऱ्हाते. पण नुसती चुलीपुढं न्हाई बसणार. मशीन मी चालवणार. गावच्या शाळेतबी पोरं जमिनीवरच बसत्यात."

"हात जाईल एखादा," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला खरोखरच तिच्या हातांची भीती वाटली.

"तर शिकवा की मग," पंचशीला म्हणाली, आणि तिनं दुसऱ्या बोल्टाला पाना लावला.