पितळी नॉब

बायको जाऊन सात महिने झाले होते आणि सख्ख्या भावाशी बोलणं तुटून अकरा वर्षं. भावाशी बिनसलं ते एका कॅमेऱ्यावरून. आता बायकोच्या टेबलावर, तिच्या चष्म्याशेजारी, तसलाच एक कॅमेरा असावा असं त्याच्या मनाने घेतलं. बाकी काही नको होतं. तिची वस्तू तिच्या जागेवर दिसली की झालं.

कारखान्यात सगळे त्याला मायक्रॉन म्हणायचे. छत्तीस वर्षं लेथवर काढली. केसभर फरक राहिला तरी तो नग पुन्हा मशीनला लावायचा. घरातही तोच खाक्या. एकदा मोजलं की मोजलं. भावाला चोर ठरवलं तेही एकदाच, आणि मग ते कधी पुन्हा मोजून पाहिलं नाही.

कॅमेरा बायकोचा होता. दोन भिंगांचा, एकावर एक. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालचं फोटो काढतं. ती तो पोटाशी धरून, मान खाली घालून त्याच्या काचेत बघायची, आणि समोरच्याला वाटायचं बाई काहीतरी शोधतेय. धाकटा भाऊ तेव्हा त्यांच्याकडेच राहायचा. तो ऑफिसच्या सहलीला कॅमेरा घेऊन गेला. परतल्यानंतरच्या रविवारी बायको म्हणाली, "भावजींनी कॅमेरा दिला नाही हो अजून."

भाऊ हसलाच आधी. "वहिनी, बुधवारी तुमच्या हातात दिला की! तुम्ही इस्त्री करत होता."

बायको डोळ्यांना पदर लावून आत गेली. मग मायक्रॉनचा तोल सुटला. "विकलास तर विकलास, वर वहिनीला खोटं पाडतोस?" भाऊ त्याच संध्याकाळी एक पिशवी घेऊन बाहेर पडला. पुढे तो दिसला थेट सात महिन्यांपूर्वी, तिच्या अंत्ययात्रेत, सगळ्यांच्या मागे उभा. मायक्रॉनने मान फिरवली होती.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान एका जिन्याखाली होतं. मालकीण पस्तिशीची, कपाळावर भिंग चढवलेली. दुकान तिच्या वडिलांचं, ते गेल्यावर तिने चालू ठेवलेलं. तिने मऊ कापडावर दोन कॅमेरे मांडले.

"काका, फोटो काढणार की शोकेसमध्ये ठेवणार?"

"ठेवणार. पण चालला पाहिजे. बंद वस्तू मी घरात ठेवत नाही."

"शहाणं गिऱ्हाईक आलं म्हणायचं."

त्याने पहिला उचलला, वरचं झाकण उघडलं, काचेत डोकावला. समोरचा जिना लख्ख दिसला. "हा द्या."

"थांबा, थांबा. भुललात ना? सगळे इथेच भुलतात." तिने मागचं झाकण उघडलं, शटर उघडं धरून खालच्या भिंगातून टॉर्च मारला. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी होती. "बघायचं भिंग स्वच्छ असतं, त्यात तुम्हाला सगळं छान दिसतं. फोटो काढणारं हे. आधी हे तपासायचं."

दुसऱ्याचं भिंग चांगलं निघालं. मायक्रॉनने शटर एका सेकंदावर लावलं आणि कान जवळ नेला. "सव्वा सेकंद घेतंय."

"कानाने मोजलंत?"

"अख्खी नोकरी कानाने मोजण्यात गेली."

ती हसली, आणि खालच्या कप्प्यातून तिसरा काढला. "तुमचा कान एवढा तिखट आहे तर हा ऐका. शटर घड्याळासारखं आहे. पण दाखवायला लाज वाटते. फोकसचा नॉब मूळचा नाही, कोणीतरी घरी बनवून बसवलाय. पितळेचा, आणि वर ओरखडासुद्धा. कुणा अडाण्याचं काम."

मायक्रॉनने तो हातात घेतला. पकड यावी म्हणून कडेला पाडलेल्या जाळीवर अंगठा टेकला आणि जागच्या जागी थांबला. जाळी तिरकी होती, बारीक होती, आणि एका ठिकाणी तिला आडवी रेघ कापून गेली होती. जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने बायकोसाठी नॉब कातताना त्याचंच हत्यार घसरलं होतं, ती ही रेघ. तो दुसरा करून देणार होता. बायको म्हणाली होती, "राहू दे हो. ती रेघ वर आली की फोकस बरोबर दहा फूट. आकडे वाचायला मला चष्मा शोधायला नको."

"अडाणी मीच," तो म्हणाला.

"काय?"

"हा कोणी विकला?"

"बाबांनी घेतलेला असणार. ते स्वतः घेतलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात चिठ्ठी ठेवायचे. विकणाऱ्याची सही घेतल्याशिवाय वस्तू दुकानात ठेवायचेच नाहीत, चोरीचा माल नको म्हणून." तिने मागचं झाकण उघडलं. आत, फिल्मच्या जागी, चौकोनी घडीचा कागद होता.

त्याला एका क्षणासाठी बरं वाटलं. आता भावाची सही दिसेल. अकरा वर्षांनी का होईना, पुरावा हातात.

सही बायकोची होती. शेवटच्या अक्षराखाली ती नेहमी ओढायची तशी छोटी रेघ, आणि वर तारीख, भांडणाच्या रविवारच्या आदल्या शुक्रवारची. कारणाच्या जागी दुकानदाराने लिहिलं होतं, 'घरात कोणी वापरत नाही. मालकीण स्वतः आल्या.'

भावाने बुधवारी दिला. हिने शुक्रवारी विकला. रविवारी पदर डोळ्यांना.

"काका, पाणी देऊ?"

"नको. हा बांधून द्या. चिठ्ठीसकट."

घरी येऊन त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला, चष्म्याशेजारी. "का गं?" तो मोठ्याने म्हणाला. भांडायला समोर कोणी नव्हतं. चष्मा होता. उत्तर मात्र त्याला ठाऊक होतं, आणि त्याचाच जास्त संताप आला. तीन वेळा ती म्हणाली होती, भावजींनी आता स्वतःची खोली बघावी. तिन्ही वेळा तो म्हणाला होता, तो माझा भाऊ आहे, विषय संपला. मग तिने तिच्या पद्धतीने विषय संपवला. पुढे अकरा वर्षं रोज त्याच्या ताटात वाढलं, आजारपणात त्याच्याकडून औषधं घेतली, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची नावं काढली. भावाचं काढलं नाही. एकदा सांगितलं असतं तर तो चिडला असता, ओरडला असता, आणि माफ केलं असतं. तिने त्याला माफ करायलाही जागा ठेवली नाही.

कॅमेरा तिथे ठेववेना. त्याने तो उचलला आणि निघाला.

भावाचं घर त्याने कधी पाहिलं नव्हतं, पत्ता विचारत गेला. दार भावानेच उघडलं. केस पांढरे झाले होते. आत ये म्हणाला नाही. नजर थेट कॅमेऱ्यावर गेली.

"सापडला?"

"दुकानात होता. तिने विकला होता. तू परत दिल्यावर." मायक्रॉनने चिठ्ठी पुढे केली.

भावाने ती घेतली नाही. "मला कशाला दाखवतोस? मला माहीत आहे मी दिला होता."

"मग गप्प का राहिलास इतकी वर्षं?"

"गप्प? त्याच दिवशी सांगितलं की तुला, दादा. तुझ्यासमोर उभं राहून. तू ऐकलंस?"

मायक्रॉनने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. भावाने त्याच्या हातातून कॅमेरा घेतला, वरचं झाकण उघडून आत पाहिलं, नॉब फिरवला. रेघ वर आली तिथे त्याचा अंगठा थांबला.

"दहा फूट," भाऊ म्हणाला. "वहिनींना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं हे. मीच फोटो काढायचो ना त्यांचे." त्याने झाकण मिटलं, कॅमेरा पुढे केला आणि मायक्रॉनचे दोन्ही हात धरून त्यात ठेवला.

"घे. तुझ्या हातात दिला. नीट बघून घे. नंतर म्हणू नकोस, दिला नाही."

दार त्याने लावलं नाही. पण बाजूलाही झाला नाही. मायक्रॉन कॅमेरा दोन्ही हातांत धरून पायरीवर उभा राहिला.