दर पंधरा मिनिटांनी

गोडदेवच्या द्वारकाबाईंना नात झाली, आणि मिठागरावर उन्हात रापलेला त्यांचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. पण सून चांदणी फार दमली होती. दीड दिवस कळा सोसून सकाळी दहाला मोकळी झाली. रक्त जरा जास्त गेलंय, नजरेखाली ठेवू, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला चार खाटांच्या खोलीत हलवलं.

त्या खोलीला दोन सिस्टर होत्या. मोठ्या गर्ट्रूड सिस्टर, आणि डोंगरीची तरणी ट्रेसी. ट्रेसी दर पंधरा मिनिटांनी यायची. नाडी धरायची, दाब बघायची, पोट चाचपायची, पांघरूण उचलून रक्त किती जातंय ते बघायची.

"बाय, तुला दुसरं काम न्हाय का?" द्वारकाबाई कुरकुरल्या. "पोरीचा आत्ता कुठं डोळा लागलाय."

"हेच काम हाय, आजी. झोपू द्या तिला, मी जागी हाय."

तेवढ्यात नीलिमा मॅडम आल्या. कुठल्या वॉर्डात किती नर्स, ते त्या ठरवायच्या. "सिस्टर, खाली माणूस कमी पडतंय. एकीला पाठवा. इथं चारच पेशंट आहेत."

"न्या हो हिलाच," द्वारकाबाई मध्येच बोलल्या. "नुसती उठवाउठवी करतेय."

पलीकडच्या खाटेवर सलाईन लावत असलेल्या गर्ट्रूड सिस्टरांनी सुईवरची नजर काढली नाही. "चार आहेत, पण दोघींवरनं डोळा हलवायचा नाही. एकीचे हात गुंतले तर दुसरीला कोण बघणार? वरच्या मजल्यावरनं द्या कुणीतरी. लेखी हवं तर लेखी देते."

मॅडम उसासा टाकून गेल्या. ट्रेसी पलीकडच्या खाटेकडे वळली. ती पाठमोरी झालेली बघून द्वारकाबाईंनी पिशवीतून जुन्या लुगड्याचा पट्टा काढला. बाळंतिणीचं रिकामं पोट लगेच आवळून बांधायचं, नाहीतर त्यात वारा भरतो, ही त्यांच्या घरची रीत. त्यांच्या सासूनं त्यांचं बांधलं होतं, त्यांनी लेकींची बांधली होती. झोपेतल्या सुनेला हलकेच उचलून त्यांनी पट्टा आवळला आणि वर गोधडी गळ्यापर्यंत ओढली. पोर कशी गप्प निजली, म्हणून मनातून सुखावल्या.

पंधरा मिनिटं झाली. ट्रेसी आली.

"आत्ताच तर बघून गेलीस," द्वारकाबाईंनी गोधडीवर हात ठेवला.

ट्रेसीनं चांदणीचं मनगट धरलं, आणि तिचं हसू मावळलं. "आजी, हात काढा."

गोधडी उचलली. खालची चादर लाल झाली होती. ट्रेसीनं एका झटक्यात पट्ट्याची गाठ सोडली. पोट पिठाच्या गोळ्यासारखं सैल लागलं. "सिस्टर," तिनं हाक दिली, आणि तळव्यानं पोट चोळायला लागली, पुन्हा पुन्हा, न थांबता. गर्ट्रूड सिस्टर इंजेक्शन घेऊन पोचल्याच. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं, सलाईन जोरात सोडलं, रक्त मागवलं. एकीचा हात पोटावरून निघाला नाही, दुसरीचा कामातून निघाला नाही.

द्वारकाबाई भिंतीला टेकून नुसत्या बघत राहिल्या.

हळूहळू गर्भपिशवी आवळली, पोट घट्ट झालं. रक्त थांबलं. दुपार कलली तशी चांदणीच्या गालावर रंग आला, आणि तिनं पेज मागितली.

द्वारकाबाई गर्ट्रूड सिस्टरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मीच बांधलं, बाई. आणि मीच म्हटलं, हिला न्या."

"तुमच्या बांधण्यानं रक्त गेलं नाही, आजी. पण झाकलं गेलं. अजून अर्धा तास झाकलेलं राहतं तर..." सिस्टर थांबल्या. "चहा घ्या. तुमचाच दाब बघायची पाळी येईल."

ट्रेसी घरी निघाली तेव्हा द्वारकाबाईंनी तिला दारात अडवलं. त्यांच्या घरी नात झाली की आजी पहिली ओवी तिच्या नावानं गाते. नात पाळण्यात होती, पण द्वारकाबाईंनी ट्रेसीचा पोट चोळून दुखरा झालेला हात हातात घेतला आणि खालच्या सुरात ओवी लावली:

*घडीघडीला गं आली, डोंगरीची पोर*
*तिच्या हातानं धरला, चांदणीच्या जिवाचा दोर*

"आई," खाटेवरून चांदणी क्षीण हसली, "पहिली ओवी बाळाची असते ना?"

"बाळाला काय, जन्मभर गाईन," द्वारकाबाई म्हणाल्या. "हिची ड्युटी आत्ता संपतेय."